फुलाच्या वाटेने येणारी आग : फायर ब्लाइटच्या मागावर दोन शतके

१/ वसंत संपत आलेला आहे. आठ-पंधरा दिवसांपूर्वी पांढऱ्या फुलांनी डवरलेल्या नासपतीच्या बागेत काही फांद्यांचे शेंडे अचानक काळे पडतात. पाने करपतात, पण गळत नाहीत. फांदीलाच लोंबकळत राहतात. कोवळा शेंडा आकड्यासारखा खाली वळतो. कोणी पेटती मशाल घेऊन बागेतून फिरून गेले असावे, असे लांबून पाहणाऱ्याला वाटते. अमेरिकेतील शेतकऱ्यांनी म्हणूनच या रोगाला नाव दिले, ‘फायर ब्लाइट’, म्हणजे आगीचा करपा.

२/ नासपती, सफरचंद आणि त्यांच्या कुळातील झाडांवर येणाऱ्या या रोगाला विज्ञानाच्या इतिहासात मोठे स्थान आहे. जीवाणूंमुळे वनस्पतीही आजारी पडतात, हे जगाला पहिल्यांदा याच रोगाने दाखवले. असे जीवाणू कीटक वाहून नेतात, हेही याच रोगामुळे सिद्ध झाले. मात्र कारण कळून सुमारे दीडशे वर्षे होत आली, तरी झाडाच्या आत पसरलेला हा रोग बरा करणारे खात्रीचे औषध आजही नाही. त्यामुळे त्याचा इतिहास हा मुख्यतः माग काढण्याचा इतिहास आहे : रोग कोठे लपतो, कोणाबरोबर फिरतो आणि नेमका केव्हा येतो, याचा शोध.

३/ पहिली नोंद अमेरिकेच्या पूर्व भागातील हडसन नदीकाठच्या डोंगराळ प्रदेशातली. विल्यम डेनिंग यांनी १७८० मध्ये तेथील सफरचंद, नासपती आणि बिहीच्या झाडांवर हा रोग पाहिला आणि १७९४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कृषिविषयक संस्थेच्या प्रकाशनात त्याविषयी लिहिले. त्यांनी आजारी झाडांची खोडे तपासली. आत एक पोखरणारी अळी सापडली आणि दोष तिच्यावर गेला. निष्कर्ष चुकला होता. पण स्थळ, वर्ष, झाडांच्या जाती आणि लक्षणे यांची लेखी नोंद झाली होती.

४/ डेनिंग यांच्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षे तर्कांचा बाजार भरला. कोणी विजेला दोष दिला, कोणी उन्हाच्या तडाख्याला, कोणी खताच्या अतिरेकाला, कोणी बुरशीला. १८४० च्या दशकात इंडियानातील धर्मोपदेशक आणि हौशी बागायतदार हेन्री वॉर्ड बीचर यांनी ‘गोठलेल्या रसा’चा सिद्धांत मांडला. शरद ऋतूत झाडाची वाढ लांबली की थंडीत त्याचा रस गोठतो, विषारी होतो आणि वसंतात फांद्यांत चढतो, असे ते सांगत. हेच बीचर पुढे गुलामगिरीविरोधी वक्ते म्हणून गाजले. त्यांचा तर्क आज भाबडा वाटेल. तरी एक निरीक्षण त्यात खरे होते : रोगाचे मूळ आदल्या वर्षात असते.

५/ १८७० च्या दशकात युरोपात जंतुशास्त्राची पहाट होत होती. अँथ्रॅक्स हा जनावरांचा रोग एका जीवाणूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये दाखवले. त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणारे थॉमस बरिल करपलेल्या नासपतीची साल सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. सालीतून पाझरणाऱ्या चिकट स्रावात त्यांना असंख्य हलणारे सूक्ष्म जीव दिसले. १८७८ मध्ये त्यांनी हे निरीक्षण इलिनॉयमधील बागायतदारांच्या सभेत मांडले. जीवाणू वनस्पतीला मारतात, हा विचार तोवर कोणी गांभीर्याने घेतला नव्हता.

६/ १८८० मध्ये बरिल यांनी पुढचे पाऊल टाकले. रोगट झाडाच्या सालीतील द्रव्य त्यांनी निरोगी झाडांत टोचले. नासपतीत, सफरचंदात आणि बिहीतही. टोचलेल्या फांद्या करपल्या. नासपतीचा रोग सफरचंदाला लागतो, म्हणजे दोन्ही झाडांवरचा करपा एकच आहे, हेही त्यातून उघड झाले. त्यांनी या जीवाणूच्या नावात ‘अमायलोव्होरा’, म्हणजे ‘स्टार्च खाणारा’, हा शब्द घातला. गंमत अशी की हा जीवाणू स्टार्च पचवू शकत नाही, हे पुढे कळले. नाव मात्र आजही तेच आहे.

७/ एक शंका तरीही उरली होती. टोचलेल्या द्रव्यात जीवाणूंबरोबर झाडाचा रसही होता. विष त्या रसातच असेल तर? न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हाच्या कृषी प्रयोग केंद्रात जोसेफ आर्थर यांनी १८८४ ते १८८६ या काळात याचे उत्तर शोधले. त्यांनी जीवाणू झाडाबाहेर पोषक द्रवात वाढवले आणि एका पात्रातून दुसऱ्यात असे अनेक पिढ्या नेले. मूळ झाडाच्या रसाचा अंशही उरला नाही, तरी ते जीवाणू टोचल्यावर रोग झाला. गाळून जीवाणू काढून टाकलेल्या द्रवाने मात्र काहीच झाले नाही. आरोपी निश्चित झाला.

८/ अमेरिकेत निश्चित झाला, असे म्हणणे अधिक योग्य. १८९० च्या दशकाअखेर लायपझिगचे नामवंत शास्त्रज्ञ आल्फ्रेड फिशर ठामपणे सांगत होते की, वनस्पतींत जीवाणूजन्य रोग नसतातच. जीवाणू मेलेल्या भागावर नंतर येतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातील अर्विन स्मिथ यांनी त्यांना जर्मन नियतकालिकातच पुराव्यांसह उत्तर दिले. हा वाद १९०१ पर्यंत चालला आणि स्मिथ यांची बाजू टिकली. फायर ब्लाइटच्या जीवाणूच्या प्रजातीला पुढे त्यांच्याच नावावरून ‘अर्विनिया’ हे नाव मिळाले.

९/ पण बागायतदाराचा प्रश्न वेगळा होता. जीवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर जातो कसा? याचे उत्तर बरिल यांचेच विद्यार्थी मर्टन वेट यांनी शोधले. कृषी खात्यात काम करत असताना १८९१ च्या सुमारास त्यांनी काही फुले जाळीने झाकली आणि काही उघडी ठेवली. उघड्या फुलांत रोग पसरला. झाकलेली फुले वाचली. फुलांच्या मकरंदात जीवाणू वाढताना दिसले आणि तो मकरंद पिणाऱ्या मधमाश्यांच्या मुखावयवांवरही ते सापडले. वनस्पतीचा जीवाणूजन्य रोग कीटक पसरवतात, याचा हा जगातला पहिला पुरावा.

१०/ खरा पेच यापुढे आहे. त्याच वर्षांत, व्हर्जिनियातील नासपतीच्या बागांत, वेट आणखी एक प्रश्न सोडवत होते : एकाच जातीच्या मोठमोठ्या बागांत फुले भरपूर येतात, मग फळ का धरत नाही? त्यांना आढळले की नासपतीच्या बहुतेक जातींना स्वतःच्या जातीचे पराग चालत नाहीत. दुसऱ्या जातीचे पराग लागतात आणि ते आणतात मुख्यतः मधमाश्या. थोडक्यात, जिच्यावाचून फळ धरत नाही, तीच रोगही घेऊन येते. दोन्ही गोष्टी सिद्ध करणारा माणूस एकच होता.

११/ आता या रोगाचे वर्षचक्र पाहू, कारण पुढचा सारा इतिहास त्यावर उभा आहे. हिवाळ्यात जीवाणू फांदीच्या सालीवरील जुन्या व्रणांच्या कडेला दडून राहतात. वसंतात त्यातले काही व्रण जागे होतात आणि त्यांतून चिकट स्राव पाझरतो. माश्या, मुंग्या आणि पावसाचे थेंब तो फुलांपर्यंत नेतात. फुलाच्या मध्यभागी, स्त्रीकेसराच्या टोकावर जीवाणू झपाट्याने वाढतात. मधमाशी त्यांना फुलाफुलांत वाटते. मग दव किंवा पाऊस त्यांना धुऊन मकरंदाच्या पेल्यात उतरवतो आणि तेथील सूक्ष्म छिद्रांतून ते झाडात शिरतात. करपलेली फुले दिसतात ती त्यानंतर एक-दोन आठवड्यांनी. म्हणजे रोग डोळ्यांना दिसतो तेव्हा तो आत शिरून बरेच दिवस झालेले असतात.

१२/ या उशिराची किंमत कॅलिफोर्नियाने मोजली. पूर्वेकडचा हा रोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे पोहोचला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सॅन वाकीन खोऱ्यात भडकला. नासपतीच्या विस्तीर्ण बागा काही वर्षांतच उजाड झाल्या. मधमाश्यांवर संशय आल्याने बागायतदार आणि मधपाळ यांच्यात वाद पेटले. बहराच्या काळात पेट्या बागांपासून दूर न्याव्यात, अशी मागणी झाली. पण माश्या हटवून फळ कसे धरणार, आणि रानटी कीटकांना कोण अडवणार?

१३/ १९०५ मध्ये वेट स्वतः कॅलिफोर्नियात आले. त्यांची योजना सरळ होती. हिवाळ्यात रोग व्रणांत कोंडलेला असतो, तेव्हाच प्रत्येक झाड तपासायचे, प्रत्येक जिवंत व्रण शोधून कापायचा. कापताना दिसणाऱ्या रोगाच्या बरेच खाली, निरोगी लाकडात छेद घ्यायचा आणि हत्यार दर वेळी पाऱ्याच्या विषारी क्षाराच्या द्रावणात बुडवायचे. निरीक्षकांच्या तुकड्या झाडामागून झाड पालथे घालू लागल्या. शास्त्रीय दृष्ट्या योजनेत खोट नव्हती.

१४/ तरीही रोगाचे उच्चाटन झाले नाही. काही बागा वाचल्या, पण सॅन वाकीन खोऱ्यातील नासपतीचा व्यवसाय बव्हंशी संपला. लाखो फांद्यांत एखादा व्रण नजरेतून सुटणे अटळ होते. जवळचे एखादे बेवारस झाड किंवा कुंपणातले त्याच कुळातले झुडूप साऱ्या गावाची मेहनत फुकट घालवण्यास पुरेसे होते. एक बागायतदार कितीही दक्ष असला, तरी त्याचे नशीब शेजाऱ्याच्या बांधावर अवलंबून राहिले. रोगाशी लढा हा सामूहिक लढा आहे, हा धडा तेथे फार महाग पडला.

१५/ मग काहींनी दुसरी वाट धरली : रोगाला दाद न देणारे झाडच शोधायचे. ओरेगॉनचे फ्रँक रायमर यांनी जगभरच्या नासपतींवर जीवाणू टोचून चाचण्या केल्या आणि १९१७ व १९१९ मध्ये पूर्व आशियाचे दौरे केले. चीनमधील रानटी ‘कॅलरी’ नासपती त्यांना काटक वाटली. कृषी खात्याचे वनस्पती-संग्राहक फ्रँक मायर यांनी १९१७ मध्ये चीनमधून तिचे बी गोळा केले. पुढच्याच वर्षी यांगत्से नदीतील बोटीवरून ते नाहीसे झाले आणि नंतर त्यांचा मृतदेह सापडला. त्यांनी मिळवलेले बी मात्र अमेरिकेत रुजले.

१६/ या बियांचा पुढचा प्रवास विलक्षण आहे. कॅलरी नासपती कलमांसाठी खुंट म्हणून उपयोगी पडली. पण तिच्यातूनच निवडलेली ‘ब्रॅडफर्ड’ ही शोभेची जात १९६० च्या दशकात बाजारात आली आणि अमेरिकेच्या रस्तोरस्ती लागली. इतर जातींशी संकर होऊन तिची रोपे रानोमाळ पसरली. आज ते एक उपद्रवी झाड मानले जाते; ओहायो राज्याने २०२३ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली. फळबागा वाचवण्यासाठी आणलेले झाड अशा रीतीने स्वतःच निर्मूलनाचा विषय झाले.

१७/ दरम्यान रोगाने समुद्र ओलांडला होता. १९१९ मध्ये तो न्यूझीलंडमध्ये आढळला. १९२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने तेथील सफरचंदांना दारे बंद केली, ती सुमारे नव्वद वर्षे. १९५७ मध्ये रोग इंग्लंडच्या केंट परगण्यात पोहोचला. तेथे ‘लॅक्स्टन्स सुपर्ब’ ही नासपती सर्वाधिक बळी पडली, कारण तिला मुख्य बहरानंतर उन्हाळ्यात पुन्हा फुले येत. ऊब आणि फूल एकत्र आले की या रोगाला वाट मोकळी होते. रोग रोखण्यासाठी या जातीची झाडे मोठ्या प्रमाणावर तोडावी लागली.

१८/ माग काढण्याचे काम आता सीमांवरही सुरू झाले. १९९७ मध्ये मेलबर्नच्या शाही वनस्पती उद्यानात कोटोनीॲस्टर नावाच्या शोभेच्या झुडपांवर हा रोग सापडला. ती झुडपे नष्ट करून देशभर व्यापक सर्वेक्षण झाले आणि रोग उखडल्याचे जाहीर झाले. दुसरीकडे प्रश्न जागतिक व्यापार संघटनेत गेला : पक्व, निरोगी दिसणाऱ्या फळातून हा रोग खरोखर पसरतो का? २००३ मध्ये जपानचे निर्बंध पुरेशा शास्त्रीय पुराव्याविना असल्याचा निर्णय लागला. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाही न्यूझीलंडविरुद्ध हरला. बरिल यांच्या सूक्ष्मदर्शकाखालचा जीव आता आंतरराष्ट्रीय कायद्याचा विषय झाला होता.

१९/ औषधाच्या आघाडीवर आशा दिसली ती स्ट्रेप्टोमायसिनमुळे. माणसाच्या क्षयरोगावर १९४० च्या दशकात मिळालेले हे प्रतिजैविक १९५० च्या दशकात फळबागांत पोहोचले. झाडाच्या आत गेलेल्या रोगावर ते निष्प्रभ. पण फुलावर वाढणारे जीवाणू वेळेवर गाठले, तर ते उत्तम काम करी. ‘वेळेवर’ म्हणजे केव्हा, हे नीट ठाऊक नसल्याने बागायतदार संपूर्ण बहरात पुन्हा पुन्हा फवारत राहिले. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात औषधाला न जुमानणारे जीवाणू आढळले. अज्ञानाची भरपाई फवारणीने करण्याचा हा परिणाम होता.

२०/ वेळेचा हिशेब मांडण्याचा एक नमुना समोर होताच. सफरचंदावरील ‘स्कॅब’ या बुरशीजन्य रोगासाठी कॉर्नेल विद्यापीठाचे विल्यम मिल्स यांनी १९४४ मध्ये एक कोष्टक प्रसिद्ध केले. पाने किती तास ओली राहिली आणि त्या वेळी तापमान किती होते, एवढे दोन आकडे ठाऊक असले की लागण झाली की नाही, हे त्यावरून सांगता येई. रोग दिसण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही. हवामान पाहून त्याची चाहूल घेता येऊ लागली.

२१/ फायर ब्लाइटचा असा हिशेब १९७० च्या दशकापासून आकाराला आला. इंग्लंडमध्ये ईव्ह बिलिंग यांनी तापमान आणि पावसावरून रोगाची वाढ मोजणारी पद्धत बसवली. कॅलिफोर्नियात संशोधकांनी बहराच्या काळातील सरासरी तापमानाची एक रेषा आखली : १ मार्चला १६.७ अंश सेल्सिअस, उतरत उतरत १ मेला १४.४ अंश. दिवसाची सरासरी रेषेच्या वर गेली की फुलांत जीवाणू वाढू लागल्याचे समजावे. रेषेखालच्या थंड दिवसांत फवारणीची गरज नसे.

२२/ मेरीलँड विद्यापीठाचे पॉल स्टायनर यांनी १९९० च्या सुमारास ‘मेरीब्लिट’ ही संगणकीय पद्धत दिली. फुलाला लागण होण्यास तिच्यात चार अटी आहेत. फूल उघडे असावे. पहिले फूल उमलल्यापासून १८.३ अंशांवरच्या उबेची ठरावीक बेरीज, म्हणजे ११० ‘अंश-तास’, पूर्ण झालेली असावी. दव किंवा किंचित पाऊस पडावा. आणि त्या दिवसाची सरासरी निदान १५.६ अंश असावी. चारही अटी जुळल्या तरच धोका. तीनच जुळल्या असतील आणि उद्या पावसाचा अंदाज असेल, तर फवारणीची वेळ आज.

२३/ हिशेब आला म्हणून संकट टळतेच, असे नाही. २००० च्या मे महिन्यात मिशिगनच्या नैर्ऋत्य भागात उबदार, ओल्या हवेपाठोपाठ वादळे आली. त्या एका हंगामात दोन लाखांहून अधिक सफरचंदाची झाडे मेली आणि नुकसान सुमारे ४ कोटी २० लाख डॉलरवर गेले. दाट लागवडीसाठी वापरलेले बुटके खुंट, विशेषतः ‘एम ९’ आणि ‘एम २६’, रोगाला फार नाजूक होते. वरचे कलम तग धरी, पण खालचा खुंट कुजून झाड जाई. म्हणूनच जिनिव्हा येथील केंद्राने तयार केलेल्या रोगप्रतिकारक खुंटांना नंतर मागणी आली. आर्थर यांनी १८८० च्या दशकात जीवाणूचा पुरावा दिला तो याच केंद्रात.

२४/ महाराष्ट्रातील वाचकाला या कथेतील काही गोष्टी ओळखीच्या वाटतील. डाळिंबावरील ‘तेल्या’ हा वेगळ्या जीवाणूचा रोग. मात्र छाटणीची कात्री झाडागणिक निर्जंतुक करणे, रोगट फांद्या बागेबाहेर नेऊन जाळणे आणि पावसाळी ओल टाळण्यासाठी मृग बहाराऐवजी हस्त बहार धरणे, ही शिस्त त्याच जातीची आहे. स्ट्रेप्टोमायसिनचा धागा तर थेट जुळतो. तेल्यावर फवारल्या जाणाऱ्या मिश्रणात टेट्रासायक्लिनबरोबर तेच औषध असे. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या चिंतेतून केंद्र सरकारने २०२१ मध्ये त्याचा शेतीतील वापर बंद करण्याची प्रक्रिया सुरू केली. अमेरिकेतही सेंद्रिय सफरचंद आणि नासपतीसाठी ते २०१४ च्या हंगामानंतर वर्ज्य झाले.

२५/ औषधे अशी हातातून निसटत जातात, तसे निरीक्षणाचे मोल वाढते. आज ज्या बागांत हा हिशेब ठेवतात, तेथे वसंतातली पहिली नोंद एकच असते : पहिले फूल कोणत्या दिवशी उमलले. उबेच्या तासांची बेरीज तेथून सुरू होते. मधमाश्यांच्या पेट्या बागेत असतातच. त्यांना हाकलण्याचा विचार आता कोणी करत नाही. डेनिंग यांना १७८० मध्ये जीवाणू ठाऊक नव्हता आणि त्यांनी दोषी ठरवलेली अळी निर्दोष होती. पण त्यांनी काय पाहिले, कोठे पाहिले आणि केव्हा पाहिले, हे लिहून ठेवले. या रोगाची नोंदवही तेथे उघडली आणि ती अजून मिटलेली नाही.